भुंगेरे सोडले, दिसले, गेले: पुन्हा आणावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा भागातल्या एका शेतकऱ्याने दोन पावसाळ्यांपूर्वी गाजर गवतावर मेक्सिकन भुंगेरे आणून सोडले. त्या वर्षी पानांची चाळण झालेली दिसली, दिवाळीच्या सुमाराला भुंगेरे नाहीसे झाले आणि पुढच्या वर्षी एकही नजरेला पडला नाही. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका गावात मात्र रस्त्याकडेला ते भरपूर आहेत आणि तिथे ते कुणीच सोडलेले नाहीत. विचारणं असं आहे की आमचे भुंगेरे मेले का, पुन्हा आणावेत का, आणि हा परदेशी किडा उद्या सूर्यफुलावर किंवा करडईवर गेला तर काय करायचं?

कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात असताना हेच भुंगेरे जाळीच्या पिंजऱ्यात वाढवायचे आणि पावसाळ्यात डबे भरून गावोगाव द्यायचे, हे माझ्या कामाचं एक अंग होतं. त्यामुळे हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. उत्तर लांबेल, कारण तुमच्या तीन प्रश्नांच्या खाली एकच प्रश्न आहे: बाहेरचा किडा नव्या मुलखात टिकतो तो कशामुळे? तो सुटला की बाकीची उत्तरं सोपी होतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पहिल्या वर्षी तुम्ही जे पाहिलं ते टिकणं नव्हतं. ते डब्यातून आलेल्या भुंगेऱ्यांचं आणि त्यांच्या अळ्यांचं खाणं होतं. हिरवंगार गवत समोर आणि हवेत ओल, अशा वेळी हा किडा कुठेही खाईल, कुठेही अंडी घालेल. आम्ही ‘स्थिरावला’ म्हणतो ते नंतर, म्हणजे उन्हाळा मातीत काढून भुंगेरे आपोआप वर येतात, अंडी घालतात, आणि त्यांच्या पिढ्याही पुढचा उन्हाळा काढून पुन्हा वर येतात तेव्हा. त्यामुळे दोन उन्हाळे जाईपर्यंत मी हो किंवा नाही म्हणत नाही. तुमच्याकडे एक पूर्ण वर्ष रिकामं गेलं आहे. हे लक्षण चांगलं नाही, पण निकालही नाही.

आता किड्याचं वर्षभराचं वेळापत्रक बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. जूनचा चांगला पाऊस झाला की मातीत दडलेले प्रौढ भुंगेरे बाहेर येतात. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघोट्या, आकार ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर नारिंगी अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि सरळ शेंड्यात शिरते. कोवळा शेंडा आणि बगलेतले फुटवे खाऊन मग पानांवर येते. दहा-पंधरा दिवसांत पूर्ण वाढून ती जमिनीवर उतरते, मातीत शिरून कोषात जाते आणि आणखी दहाएक दिवसांत नवा भुंगेरा बाहेर पडतो. म्हणजे एक पिढी साधारण महिन्याची. जुलै ते सप्टेंबर अशा पिढ्यांवर पिढ्या होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात संख्या अशी वाढते की गवताच्या नुसत्या काड्या उरतात.

पण त्याच काळात एक उलटी गोष्टही चालू असते. जुलैपासूनच काही भुंगेरे खाणं सोडून मातीत उतरायला लागतात. हे प्रमाण वाढत जाऊन नोव्हेंबर-डिसेंबरात जवळपास सगळेच खाली जातात. तिथे ते सहा-सहा महिने काही न खाता, न हलता पडून राहतात. तुम्हाला दिवाळीच्या सुमाराला भुंगेरे दिसेनासे झाले ते यामुळे. ते मेले असंही नाही आणि उडून गेले असंही नाही, ते तुमच्या पायाखाली होते. प्रश्न एवढाच की त्यातले किती जून उजाडेपर्यंत राहिले.

म्हणून या किड्याचं बस्तान पावसाळ्यात बसत नाही. ते बसतं किंवा मोडतं ते पुढच्या सहा-सात महिन्यांत, जेव्हा तो दिसतच नाही. आपण सगळं लक्ष देतो ते डब्यात किती होते, पानं किती खाल्ली याकडे. जिथे सोडले त्या जागेच्या मातीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्याभोवती आहे.

तुमच्या प्रश्नात जागा बांधाची होती असं लिहिलं आहे, आणि बाजूला सोयाबीन. इथे मला तीन शंका येतात.

पहिली शंका फवारणीची. सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि खोडमाशीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये कीटकनाशक जातं. नेमका तोच काळ मेक्सिकन भुंगेऱ्याच्या वाढीचा. बांधावरचं गवत फवाऱ्याच्या झोतात येतंच, आणि अळी तर पानावर उघडी बसलेली असते. शिवाय बरेच जण त्याच पंपाने बांधावर तणनाशक मारतात. त्यात किडा थेट मेला नाही तरी त्याचं खाणं आठ दिवसांत वाळून जातं. अळ्या अर्धवट वाढलेल्या असताना गवत वाळलं की ती पिढी संपली.

दुसरी शंका नांगरटीची. बरेच भुंगेरे फार खोल जात नाहीत, वरच्या काही इंचांतच असतात. रब्बीच्या तयारीला रोटाव्हेटर बांधाच्या मुळापर्यंत फिरवला, किंवा जेसीबी लावून बांध कोरला, की तिथे झोपलेली वस्ती उघडी पडते. मग ऊन, मुंग्या आणि साळुंक्या उरलेलं काम करतात. हल्ली बांध इतके अरुंद झालेत की ‘बांधावर सोडले’ आणि ‘शेतात सोडले’ यांत मला फारसा फरक दिसत नाही.

तिसरी शंका पावसाच्या खंडाची, आणि ही तुमच्या हातात नाही. तुमच्याकडे मृगात एक चांगला पाऊस होतो, भुंगेरे वर येतात, नुकतंच उगवलेलं बोटभर गवत असतं, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. वर आलेल्या भुंगेऱ्याला ना पुरेसं खायला मिळतं, ना परत खाली जाऊन झोपायची ताकद उरते. मोठी वस्ती असली तर असा एखादा वाईट मोसम निभावून नेते, कारण सगळे एकाच पावसात वर येत नाहीत. पण डब्यातून आणलेल्या मूठभर किड्यांच्या पहिल्याच वर्षी असं झालं तर जे वाचतील ते इतके विखुरलेले असतात की नराला मादी सापडत नाही. बाहेरून आलेल्या बहुतेक किड्यांचा नव्या जागी अंत असाच होतो. शत्रू त्यांना मारतोच असं नाही, संख्या कमी पडते.

मातीचा प्रकारही बघायला हवा. भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती चिखल होऊन चोपते. मी पाहिलेल्या चांगल्या वस्त्या बहुतेक मुरमाड माळावर, ओढ्याच्या उंच काठावर, रस्त्याच्या भरावावर होत्या, जिथे पाणी साचत नाही आणि वर्षानुवर्षं कुणी नांगर घालत नाही. याला नियम म्हणू नका, हा माझ्या भागातला अनुभव आहे. पण तुमच्या शेजारच्या गावात भुंगेरे नेमके रस्त्याकडेला आहेत, हे मला मुळीच आश्चर्याचं वाटलं नाही.

आता त्या गावात ते आले कुठून? यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. गाजर गवताची आपल्याकडची ठळक नोंद पुण्यातली, १९५५ची. ते अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर, म्हणजे त्या नावाच्या धान्यमदत करारातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे म्हणतात, मीही व्याख्यानांत म्हणत असे. पण तो करार १९५६चा आहे, म्हणजे नोंद कराराच्या आधीची. अमेरिकन गहू त्याच्याही आधी येतच होता, त्यामुळे गव्हाला पूर्ण निर्दोष सोडायचं कारण नाही. ते असो. गवत आलं ते एकटं आलं, त्याला मेक्सिकोत खाणारे किडे तिकडेच राहिले. म्हणून १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने हा भुंगेरा मेक्सिकोहून आणला, बंदिस्त जागेत चाचण्या केल्या आणि १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला. तो तिथे लवकर टिकला, पण गवताचा डोळ्यांत भरेल असा फडशा पडायला १९८८ उजाडावं लागलं. बंगळूरसारख्या सौम्य हवेत, दोन मोसमी पावसांचा फायदा असताना, चार वर्षं!

त्यानंतर मात्र तो कुणाच्या परवानगीची वाट बघत बसला नाही. काही संस्थांनी ठिकठिकाणी सोडला हे खरं, पण रस्त्यांच्या कडेने, रेल्वेमार्गांनी, गवताची अखंड पट्टी मिळेल तसा तो स्वतःच सरकत गेला. २००० नंतरच्या दशकात तो पाकिस्तानच्या पंजाबात सापडला आणि २००९ मध्ये नेपाळात हेटौड्याला. तिथे त्याला मुद्दाम कुणी नेलं नव्हतं. तेव्हा तुमच्या शेजारच्या गावात तो चालत-उडत आला असेल, किंवा ट्रकला चिकटून, किंवा वाळू-मुरमाच्या फेरीबरोबर मातीतून. कसाही आला असो, तिथे तो टिकलाय ही तुमच्यासाठी बातमी आहे. तुमची हवा त्याला मानवते याचा याहून चांगला पुरावा विद्यापीठही देऊ शकणार नाही. म्हणजे दोष हवामानाचा नाही, जागेचा आहे.

दोन परदेशी उदाहरणं इथे फार उपयोगी आहेत, म्हणून जरा थांबते.

ऑस्ट्रेलियाने हाच भुंगेरा आपल्याआधी, १९८० मध्ये, मेक्सिकोहून आणून क्वीन्सलँडमध्ये सोडला. पुढे जवळजवळ दहा वर्षं तो असून नसल्यासारखा होता. टिकलाच नाही असं समजून लोकांनी दुसऱ्या किड्यांकडे मोर्चा वळवला. आणि मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मध्य क्वीन्सलँडमध्ये त्याने एकाएकी गवताची पानंच्या पानं फस्त करायला सुरुवात केली. मधली वर्षं तो कुठेतरी थोड्या संख्येत तग धरून होता. म्हणून तुमच्या एका रिकाम्या वर्षाला मी निकाल म्हणत नाही.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. याच भुंगेऱ्याचा एक चुलत भाऊ, त्याच वंशातला, १९७८ मध्ये सोव्हिएत संघाने उत्तर अमेरिकेतून आणला. तिकडे शेतात माजलेलं अँब्रोझिया नावाचं तण आहे, आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं आणि तसंच ॲलर्जी करणारं. दक्षिण रशियात स्टाव्रोपोलच्या बाजूला भुंगेरे सोडले, ते टिकले आणि सुरुवातीला काही ठिकाणी त्यांनी इतकी गर्दी केली की तण समूळ गेल्यासारखं वाटलं. सगळीकडे वाहवा झाली. पण पुढे हिशेब बसेना. तिथली शेतं दरवर्षी नांगरली जायची, पीक बदलायचं, आणि तणाची जागाही त्याबरोबर बदलायची. जमिनीत हिवाळा काढणारा हा किडा वसंतात वर आला की खाणं दुसरीकडे गेलेलं असायचं. अजून तो तिथे आहे, पण बहुतेक शेतांत इतका विरळ की तणाला फरक पडत नाही. पडीक, न हलवलेल्या जागी तो चांगलं काम करतो. तुमच्या बांधाची गोष्ट मला ऑस्ट्रेलियापेक्षा या रशियन गोष्टीच्या जास्त जवळची वाटते.

झोपेच्या बळावर जग जिंकणारा आपला घरचा किडाही आहे, खापरा भुंगेरा. साठवलेल्या गव्हातला हा किडा मूळ आपल्याच उपखंडाकडचा. परिस्थिती बिघडली की याची अळी गोदामाच्या भिंतीतल्या फटीत शिरून खाण्याविना महिनोन्‌महिने, कधी वर्षांनुवर्षं पडून राहते. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा अमेरिकेने गोदामंच्या गोदामं ताडपत्रीखाली झाकून धुरी दिली, आणि तो निपटायला त्यांना अनेक वर्षं लागली. आजही त्यांच्या बंदरांवर आपल्याकडून गेलेल्या पोत्यांत तो शोधला जातो. फरक असा की खापऱ्याला झोपायला पक्की भिंत मिळते आणि आपल्या मेक्सिकन पाहुण्याला ज्यात रोटाव्हेटर फिरतो ती माती.

तर पुन्हा आणावेत का? मी तुमच्या जागी असते तर लगेच आणले नसते. आधी बघितलं असतं. येत्या जूनमध्ये पहिला भरघोस पाऊस झाल्यावर दहा-बारा दिवसांनी, सकाळी ऊन तापायच्या आत, जिथे सोडले होते तिथून सुरुवात करून ओढ्याच्या दिशेने आणि रस्त्याच्या दिशेने चालत जा. उभ्याने बघू नका, खाली बसा. प्रौढ भुंगेरा हात लागला की टपकन खाली पडतो आणि मातीच्या रंगात हरवतो, म्हणून त्याला शोधण्यापेक्षा शेंडे उकलून बघा. शेंड्यात पिवळसर अळी, पानामागे नारिंगी अंडी, पानांच्या कडा कुरतडलेल्या. हे दिसलं तर तुमची वस्ती जिवंत आहे आणि तुम्हाला काही आणायची गरज नाही, फक्त ती जागा सांभाळायची आहे. हाच फेरा ऑगस्टच्या मध्यात पुन्हा मारा, कारण जूनमध्ये जे विरळ असतात ते ऑगस्टमध्ये दिसण्याइतके होतात.

ऑगस्टमध्येही काही नसेल तर मात्र आणा, पण विद्यापीठातून नाही. शेजारच्या गावातून आणा. तुमच्याच मातीत, तुमच्याच पावसात उन्हाळे काढलेली ती पिढी आहे, पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवीन. प्लास्टिकच्या डब्याला बारीक भोकं पाडा, आत गाजर गवताचे ताजे शेंडे घाला, हातमोजे घाला, आणि सकाळी भुंगेरे गोळा करून त्याच दिवशी सोडा. डबा गाडीत उन्हात ठेवून चहाला थांबू नका, इतकं साधं कारणही पुरतं. एका जागी पाचशे ते हजार सोडायची शिफारस आहे, ती गांभीर्याने घ्या. आपली सवय अशी की पाचशे मिळाले तर दहा जागी पन्नास-पन्नास टाकायचे, म्हणजे सगळ्या गावाला लाभ. त्याने कुणालाच लाभ होत नाही. एका जागी घट्ट सोडा. वस्ती जमली की ती स्वतः पसरते, त्याची काळजी तुम्ही करू नका.

वेळ जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य. सप्टेंबरअखेर सोडलेले लवकरच मातीत उतरतील, खाल्लेलं दिसणार नाही आणि तुम्ही निराश व्हाल. जागा निवडताना बांध सोडून द्या. गायरान, ओढ्याचा उंच काठ, शाळेमागची पडीक जमीन, स्मशानभूमीचा माळ, असं काहीतरी बघा जिथे गवत दाट आहे आणि पुढची दोन वर्षं नांगर, जेसीबी, तणनाशक येणार नाही. यासाठी ग्रामपंचायतीला विश्वासात घ्यावं लागतं. नाहीतर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गाजर गवत निर्मूलन सप्ताह येतो आणि उत्साही मंडळी फोटोसाठी नेमकं तेच गवत उपटून टाकतात, पानावरच्या अळ्यांसकट. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि उपटणाऱ्यांना काय बोलणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सूर्यफुलाची भीती. ती खुळचट नाही, हे आधी सांगते. सूर्यफूल, करडई आणि गाजर गवत एकाच कुळातली. आणि याच भुंगेऱ्याच्या वंशातली दुसरी एक जात उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची खरोखरीची कीड आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर आपला भुंगेरा खाताना आढळला तेव्हा मोठा गदारोळ झाला. केंद्र सरकारने चौकशीसाठी समिती नेमली, आणि भुंगेरे सोडण्याचं काम काही वर्षं थांबलं. त्यातून जे निष्पन्न झालं ते फार रंजक आहे. शेताच्या कडेला गाजर गवत फुलोऱ्यात असलं की त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. भुंगेरा खाण्याची ओळख रसायनावरून पटवतो. परागाचा लेप असलेलं पान त्याला गाजर गवतासारखं लागतं आणि तो कुरतडतो. नुसत्या स्वच्छ सूर्यफुलावर त्याची वस्ती वाढत नाही, पिढ्यांमागून पिढ्या तो त्यावर काढू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेतही सूर्यफूल हे मोठं पीक, म्हणून त्यांनी स्वतंत्र चाचण्या करून, भरपूर वेळ घेऊन, २०१३ मध्ये हाच भुंगेरा सोडला.

म्हणून व्यवहारात काय होईल? गाजर गवताचा फडशा पडून उपाशी भुंगेरे हजारोंनी उठले आणि शेजारीच सूर्यफूल असलं, तर कडेच्या एक-दोन ओळींत काही पानं कुरतडलेली दिसू शकतात. त्यासाठी फवारणी करू नका, तेवढ्याने उत्पादन घटत नाही. शेताच्या कडेचं गाजर गवत फुलायच्या आत काढलं की परागच उडत नाहीत आणि हा प्रश्नही उरत नाही. करडई तर रब्बीची. ती उगवून वर येईपर्यंत बहुतेक भुंगेरे मातीत गेलेले असतात. आणि खरं सांगायचं तर तुमच्या भागात सोयाबीनने सूर्यफूल असं हटवलंय की भुंगेऱ्याला ते शोधायलाच लागेल!

एक गोष्ट मात्र या भीतीतून घेण्यासारखी आहे. हा किडा सुरक्षित निघाला तो चाचण्या करून आणला म्हणून. तेवढ्यावरून ‘परदेशी मित्रकिडा’ म्हणून ऑनलाइन कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. परदेशातून जिवंत कीटक आणायला केंद्राची परवानगी आणि विलगीकरण लागतं, आणि ते योग्यच आहे. जो टिकतो तो परत पाठवता येत नाही. इतर भुंगेऱ्यांचे अनुभवही जातीगणिक वेगळे आहेत. पिठ्या ढेकूण खाणारा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ मध्ये दक्षिणेत कॉफीच्या बागांसाठी आणला होता. सव्वाशे वर्षं झाली, तरी आपले द्राक्षवाले तो प्रयोगशाळेत वाढवलेला विकत आणून बागेत सोडतात, कारण बागेत तो पुरेशा संख्येने आपोआप राहील याची खात्री नसते. जलपर्णी खाणारे सोंडे, म्हणजे सोंडेसारखं तोंड असलेले बारीक भुंगेरे, ऐंशीच्या दशकात आणले. साचलेल्या तळ्यात ते जम बसवतात, पण पावसाळ्यात पूर येणाऱ्या नदीत जलपर्णीबरोबर वाहून जातात. तेव्हा एका किड्याचा अनुभव दुसऱ्याला लावू नका, आणि माझं हे उत्तरसुद्धा फक्त मेक्सिकन भुंगेऱ्यापुरतं धरा.

शेवटी अपेक्षेबद्दल. भुंगेरे टिकले तरी गाजर गवत जाणार नाही. जूनमध्ये गवत त्यांच्याआधी उगवतं. भुंगेऱ्यांची संख्या भरात येईपर्यंत पहिल्या खेपेचं गवत फुलून बी टाकून मोकळं होतं, आणि एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी येतं. ऑक्टोबरनंतर उगवणाऱ्या गवताला तर भुंगेरा हातच लावत नाही, कारण तो झोपलेला असतो. कॅनॉलखालच्या, बारमाही ओल्या जागी हे ठळक दिसतं. त्याचा उपयोग आहे तो पावसाळ्याच्या मधल्या आणि शेवटच्या गवतावर, पडीक जागी, जिथे मजूर लावून उपटणं परवडत नाही. तिथे काही वर्षांत बी कमी पडतं आणि दुसऱ्या गवतांना, टाकळा-तरोट्याला डोकं वर काढायला जागा मिळते. मुद्दाम तरोट्याचं बी उन्हाळ्याच्या शेवटी माळावर फेकून ठेवलं तर हे लवकर होतं. शेतातलं आणि बांधावरचं गवत मात्र तुम्हालाच, फुलायच्या आधी, हातमोजे घालून काढायचं आहे. घरात कुणाला त्वचेचा किंवा दम्याचा त्रास असेल तर त्यांना त्या कामाला लावू नका.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहिल्या आहेत. सोडल्यानंतरच्या हिवाळ्यात त्या बांधाची माती हलवली होती का, आणि तिथून जवळचं पडीक रान किती अंतरावर आहे? पडीक रान दोन-तीनशे मीटरच्या आत असेल तर जूनमध्ये शोध तिथूनच सुरू करा. तुमचे भुंगेरे जगले असतील तर ते बांधावर राहिले नसण्याचीच शक्यता जास्त.